बुडबुड्यांची खूण

गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली मासा कोठे आहे हे दाखवणारा फ्लॅशर हे सोनार या ध्वनियंत्राचेच छोटे रूप असून, गिरमिटाने बर्फात पाडलेल्या भोकातून सोडलेला त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेचे ध्वनीत आणि ध्वनीचे विजेत रूपांतर करणारा भाग, खाली ध्वनीचे स्पंद पाठवतो व परतलेले पडसाद गोल तबकडीवर रंगीत रेघांनी उमटतात. अशा थंड पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,400 मीटर असल्याने 7 मीटर खोलीवरचा पडसाद सेकंदाच्या शंभराव्या भागात परततो, आणि मासा गळाकडे वर येताच त्याची रेघही सरकते. या पडसादाचा मोठा वाटा वाताशयाचा, म्हणजे पाण्यात तरंगण्यास साहाय्य करणाऱ्या वायूच्या पिशवीचा असतो. यंत्राला दिसते ती मुख्यतः माशाच्या पोटातील हवा.

पंचगंगेकाठी वाढून उतारवयात मुलांकडे मिनेसोटाचा हिवाळा पाहणाऱ्या कोल्हापूरकराला ही तबकडी परकी वाटत नाही, कारण डोहातला मरळ ओळखण्याची भोई मंडळींची रीतही हवेवरूनच चालत असे. मरळ हा केवळ कल्ल्यांवर न जगता पृष्ठभागावर येऊन हवा घेणारा मासा. त्यामुळे उन्हाळ्यातील संथ पाण्यावर बुडबुडे फुटले की वल्हे थांबे, आणि तो चिखलातून सुटलेला वायू की मरळाचा श्वास, हे ठरेपर्यंत नावेत कोणी बोलत नसे. बालपणी एकदा अनुभवलेली ती स्तब्धता माणसाच्या मनातून पुढे कोणतेही यंत्र हलवू शकत नाही.

पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वार्ट्झ स्फटिकाचा उपयोग केला, हा पाण्यात ध्वनीने शोध घेण्याच्या विद्येचा युद्धातील उगम झाला. परंतु जपानमधील नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये मासे शोधणारे यंत्र व्यवहारात आणले, त्यामागे बुडबुडे येतात तेथे मासे असतात हे एका नावाड्याचे बोलणे होते, असे त्यांच्या कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. यंत्राच्या जन्मकथेत नावाड्याला मिळालेले हे स्थान भोयांच्या ज्ञानाला आपल्याकडील मत्स्यविषयक लेखनात क्वचितच मिळते, ही उणीव सलणारी आहे.

तिकडे मिनेसोटात बर्फावर हिमाचा जाड थर साचला की प्रकाश अडतो, पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो आणि उथळ तळ्यांतील मासे गुदमरतात. पंचगंगेत बर्फ नाही, तरीही सांडपाणी व औद्योगिक मळी यांतील सेंद्रिय द्रव्ये कुजताना जिवाणू प्राणवायू संपवतात आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. तो कुबट वास नाकात शिरल्यावर तबकडीवरच्या रेघांचे कौतुक काही काळ तरी सुचत नाही. अशा पाण्यात मरळ वरची हवा घेऊन तग धरू शकतो, रोहू आणि कटला यांना ती सोय नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील पुराची 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असतात, कारण पावसाळ्यात घराघरांत त्यांचीच चर्चा चालते. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धरलेली, पाण्याच्या दर लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेल्या प्राणवायूची मर्यादाही उन्हाळाभर घाटावरच्या फळ्यावर, त्या दिवसाच्या मोजमापाशेजारी, लिहिली गेली पाहिजे.