वाळू आणि जांभा

येशूशी जवळीक म्हणजे काय, हे चारही शुभवर्तमाने भावनेच्या भाषेत फारसे सांगत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या रात्रीचे लांबलचक संभाषण आहे. त्यात येशू शिष्यांना प्रेमाची एकच खूण देतो, आज्ञा पाळण्याची. त्याच ओघात तो त्यांना दास म्हणायचे थांबवतो आणि मित्र म्हणू लागतो. जगरहाटीत हुकूम आणि मैत्री सहसा एका घरात नांदत नाहीत. इथे नांदतात, कारण हुकूम करणाऱ्याने आधी स्वतः कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले आहेत आणि थोड्याच वेळाने गेथशेमाने बागेत तो आपल्या इच्छेवर पित्याची इच्छा ठेवणार आहे. तेही सहज नव्हे, घाम गाळून. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर स्पष्टच सांगतो, की पुत्र असूनही तो दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला. जे गुरूला शिकावे लागले ते शिष्याला आयते मिळेल, असे ख्रिस्ती परंपरा कधीच मानत नाही.

या आज्ञा आहेत तरी कोणत्या? मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन वाचले की ध्यानात येते ते हे, की त्यातली एकही आज्ञा नुसत्या हातापायांनी पाळता येत नाही. खून करू नको, एवढ्यावर ते थांबत नाही; भावावरचा राग तपासायला लावते. व्यभिचाराची गोष्ट नजरेपर्यंत आणून भिडवते. दान उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये, प्रार्थना दार लावून करावी, वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेल्याला ते आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दाखवते. आज्ञापालन आणि आत्मपरीक्षण यांची गाठ अशी मुळातच घातलेली आहे. आत डोकावल्यावाचून ही आज्ञा पाळताच येत नाही. आणि पाळायला गेल्यावाचून आत काय दडले आहे ते कळत नाही, हा तिचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

त्या प्रवचनाचा शेवट दोन घरांच्या दाखल्याने होतो. एक खडकावरचे, एक वाळूवरचे. हा दाखला कोकणात वाचताना टीप लागत नाही. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला खाडीपलीकडे भाट्ये आहे. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. एका बाजूला लांब पुळण, तिच्या कडेला सुरूचे बन, मागे माड आणि त्यामागे जांभ्याचा चढ. १९५५पासून तिथे नारळ संशोधन केंद्र आहे, आणि वाळूतला माड वादळात कसा तग धरतो हे तिथल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. घराचे मात्र वेगळे. घर चढावर, जांभ्यावर, जोते चिऱ्याचे. पुळणीवर घर बांधणे सोपे असते: जमीन सपाट, खोदाई नाही, वारा छान, समोर समुद्र. मे महिन्यात दोन्ही घरे सारखीच दिसतील. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो पडू लागला की फरक कळतो.

दाखल्यातला कळीचा तपशील बहुधा निसटतो. दोन्ही घरमालकांनी ऐकलेले आहे. वाळूवर बांधणारा कुणी नास्तिक किंवा परका नव्हे. तो प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारा असू शकतो. त्याचे एवढेच चुकले, की ऐकले ते केले नाही. लूक याच दाखल्यात आणखी एक गोष्ट घालतो: शहाण्याने खोल खणले, खडक लागेपर्यंत खणले. खणण्यात वेळ जातो, माती बाहेर येते, अंगणाची अवकळा होते, आणि शेजाऱ्याचे घर तोवर उभेही राहिलेले असते. प्रामाणिक आत्मपरीक्षणाचे वर्णन करायला याहून निराळे शब्द शोधण्याची गरज नाही.

क्रम कोणता, आधी शुद्ध होणे की आधी ऐकणे, हा प्रश्न भाविकाला नेहमी पडतो. लूकच्या पाचव्या अध्यायात त्याचे उत्तर मासेमारीच्या रूपात आहे. शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर राबून रिकाम्या होड्या घेऊन किनाऱ्याला आले आहेत आणि जाळी धुताहेत. येशू शिमोनाच्या होडीत बसून लोकांना शिकवतो आणि मग त्याला म्हणतो, खोल पाण्यात चल, जाळी सोड. रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या किंवा मिरकरवाड्याच्या खलाशाला या विनंतीतला विनोद आणि त्रास दोन्ही कळतील. धुतलेले जाळे पुन्हा पाण्यात घालायचे, रात्री जे मिळाले नाही ते भर उन्हात मिळवायचे, आणि हे सांगतो कोण, तर सुताराचा मुलगा. शिमोन कुरकुरतो, पण त्याच्या शब्दाखातर जाळी सोडतो. जाळी फाटू लागतात, दुसरी होडी बोलवावी लागते. आणि तेव्हा, माशांच्या त्या ढिगात, शिमोन येशूच्या गुडघ्यांशी पडून आपण पापी आहोत असे म्हणतो. पापाची जाणीव आधी आणि आज्ञापालन नंतर, असा इथला क्रम नाही. त्याने आधी अर्ध्या मनाने का होईना ऐकले, आणि त्या ऐकण्याने त्याला स्वतःचे दर्शन घडवले. आधी लायक होऊ, मग ऐकू, असे म्हणत बसणाऱ्याची जाळी धुतलेलीच राहतात.

आत्मपरीक्षणाची शिस्त चर्चने पुढे हळूहळू बांधली. करिंथकरांस लिहिताना पौलाने प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःला पारखावे असे सांगितले, आणि पूर्वतयारीची प्रथा त्यावर उभी राहिली. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचा संस्कार आला. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात रोजच्या परीक्षणाची रीत घालून दिली. १५४८मध्ये पोपने त्या ग्रंथाला मान्यता दिली. या रीतीची सुरुवात दोषांपासून होत नाही, हे तिचे शहाणपण. आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार, मग स्वतःला पाहण्यासाठी प्रकाशाची मागणी, मग दिवसाचा तासागणिक हिशेब, मग क्षमायाचना, मग उद्याचा निश्चय. इग्नेशियसनेच स्थापलेल्या येशूसंघातला थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. ज्या भाषेत आधीच ओवी आणि अभंग होते तिला ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नव्हते. संतांच्या अभंगांत स्वतःच्या दोषांची इतकी रोखठोक झडती आहे, की मराठी कान आत्मपरीक्षणाला आधीच सरावलेला होता. भाट्येवरून पुढे गेलेला रस्ता ज्या पावसला जातो तिथे स्वामी स्वरूपानंदांनी विसाव्या शतकात ‘अभंग ज्ञानेश्वरी’ लिहिली, ती याच सरावाची साक्ष.

एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती लेखन म्हणूनच आत्मचरित्राकडे वळले. बाबा पदमनजींचा जन्म १८३१चा, बेळगावचा. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८४मध्ये आले. पटले आहे पण पाऊल उचलत नाही, या अवस्थेची तपशीलवार नोंद त्यात आहे. घरच्यांचे प्रेम, जातीचा धाक, लोक काय म्हणतील ही धास्ती, आणि या सगळ्याला आपण ‘अजून विचार चालू आहे’ असे गोंडस नाव कसे देतो, ते पदमनजींनी स्वतःला सूट न देता सांगितले. १८५४मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाईंची कहाणी अधिक अवघड आणि म्हणून अधिक उपयोगी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज्ञाधारक शिष्या म्हणून त्यांचे कौतुक होईल अशी तिथल्या सिस्टरांची अपेक्षा असावी. झाले उलटेच. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई एकेक मत तपासून घेतात, पटेल तेवढेच स्वीकारतात, आणि भटाभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मान दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली देणार नाही असे सुनावतात. हट्टीपणाचा ठपका त्यांच्यावर तेव्हाही आला. पण ख्रिस्ताची आज्ञा आणि ख्रिस्ताच्या नावाने माणसांनी केलेला हुकूम यांतली रेघ त्यांनी जितकी ठळक ओढली तितकी फार थोड्यांनी ओढली. आज्ञापालनावर लिहिणारे अनेक जण ही रेघ पुसून टाकतात, आणि मग मठ, मिशन किंवा घर यांतला बलवान माणूस देवाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

त्याच रमाबाईंनी हीच कठोर पारख स्वतःलाही लावली. १९०७मधील आपल्या साक्षीत त्या कबूल करतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन निघाले होते, देशोदेशी नाव झाले होते, व्याख्यानांना गर्दी होत होती. अशा उंचीवर उभे राहून आपल्याला मुख्य गोष्टच सापडली नाही असे म्हणायला जे बळ लागते ते वादात जिंकायला लागणाऱ्या बळापेक्षा मोठे. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना केडगावी घेऊन आल्या आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०५मध्ये मुक्तीत जी धार्मिक जागृती झाली तिच्यात मुलींनी रडत आपले अपराध उघड कबूल केले. अशा सामूहिक कबुलीची लाट एकीकडून दुसरीकडे पसरते, आणि तिच्यातले किती खरे आणि किती लागणीचे हे सांगणे कठीण. रमाबाईंच्या जवळिकीचे माप घ्यायचे तर ते दुसरीकडे घ्यावे: शेकडो मुलींचे रोजचे दळणकांडण, आजार, शिक्षण, आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, जे मुक्तीतल्या बायकांनीच छापले. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते.

रत्नागिरी जिल्ह्याने या परंपरेला दिलेला माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, गाव करजगाव. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते पोहोचले आणि तिथेच गुंतले. फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. टिळक उदार होते, कवी होते आणि रागीट होते. हा तिसरा गुण जगाला माहीत आहे तो त्यांच्या पत्नीमुळे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा चार भागांत, १९३४पासून प्रसिद्ध झाली. पतीच्या धर्मांतरानंतर ताटातूट झाली, आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याआधीचा टप्पा पाहण्यासारखा आहे. एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारले, की जाती देवाने केल्या की माणसांनी. उत्तर मिळाले तसे त्या वागल्या: आजवर ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य होते त्यांच्या हातचे प्यायल्या. धर्मशास्त्राची चर्चा नाही, दृष्टांत नाही. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर अंमलात आले. बाप्तिस्मा त्यामागून आला. आणि हे सांगताना त्या स्वतःच्या भित्रेपणाला हसतात. आत्मपरीक्षणाच्या पुस्तकांत हसू दुर्मीळ असते. जिथे ते असते तिथे माणूस स्वतःवर फार खूश नसतो आणि स्वतःवर फार चिडलेलाही नसतो.

चिडण्याचा धोका खरा आहे. इग्नेशियसने १५२२मध्ये मान्रेसा येथे स्वतःची झडती इतकी घेतली, की कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवून जीव द्यावासा वाटू लागला. त्यातून तो शिकला, की प्रत्येक टोचणी देवाकडून येते असे नाही. पेत्राच्या बाबतीत शुभवर्तमानही हेच दाखवते. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी तीनदा विचारतो, प्रेम करतोस का. अपराधाचा पाढा वाचायला लावत नाही. प्रत्येक उत्तरावर काम देतो: मेंढरे चार.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांत आज्ञापालन आणि आत्मपरीक्षण हे दोन्ही धागे एकत्र दिसतात. १९१७मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य त्यात येऊ शकत. आपण प्रभूपुढे अजून फार उणे आहोत, अशी कबुली देणारे त्यांचे पद आजही मराठी मंडळ्यांत गायले जाते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. येशूचे चरित्र सांगणारे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ तेव्हा जेमतेम सुरू झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत.