तुटले की संपले?

तरुणपणी आम्ही एका ग्रंथसंग्रहातील हस्तलिखितांची वर्णनात्मक यादी करण्याचे काम केले. बाड उघडावे, कर्ता, लेखनकाळ, पत्रसंख्या नोंदवावी आणि शेवटच्या रकान्यात 'पूर्ण', 'अपूर्ण' वा 'त्रुटित' असा शेरा द्यावा, असा तो क्रम. अभंगांच्या एका बाडाला पुष्पिका नव्हती. लेखनिकाचे नाव नाही, शक नाही, 'इति' नाही. आम्ही निःशंक मनाने 'त्रुटित' लिहून मोकळे झालो. पुढे आमच्या सरांनी ते शेवटचे पान पाहिले आणि म्हणाले, "अरे, खाली अर्धे पान कोरे आहे. फाटलेल्या बाडाला कोरी जागा कुठून येईल? तुटले आहे की संपले आहे, एवढे तरी बघायचे!" तोवर यादी छापून झाली होती.

हे आठवायला निमित्त झाली आमची भाची. ती यीस्टवर संशोधन करते. पाव फुगवणारे, तेच यीस्ट. गेल्या सुट्टीत तिने आपल्या कामाविषयी सांगायला सुरुवात केली आणि तिच्या तोंडून सरांचाच प्रश्न जवळजवळ सरांच्याच शब्दांत ऐकू आला.

यीस्टच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात, म्हणजे डीएनएचे 16 दुपदरी धागे आणि त्यांची 32 टोके. पण डीएनए अधूनमधून अपघाताने तुटतही असतो आणि तुटल्या जागी नवी टोके निर्माण होतात. अशी टोके शोधून सांधणे हे दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांचे काम. मग ही प्रथिने त्या 32 स्वाभाविक टोकांना सांधत का नाहीत? हा प्रश्न यीस्टच्या अभ्यासापेक्षा जुना आहे. हर्मन म्युलर यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला आणि 1938 मध्ये या टोकांना 'टेलोमिअर' हे नाव दिले. ग्रीकमध्ये 'शेवट' आणि 'भाग' अशा दोन शब्दांचा तो समास. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याच्या गुणसूत्रांत पाहत होत्या की तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना दोन्हीकडून ताणली जाऊन पुन्हा तुटतात आणि पुन्हा चिकटतात. स्वाभाविक टोक मात्र कोणाला चिकटत नाही.

याचे रहस्य टोकाच्या मजकुरात असावे, हे दाखवणारा एक प्रयोग आम्हाला फार आवडला. टेट्राहायमिना हा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. त्याच्या टोकांशी दोन टी आणि चार जी ही सहा अक्षरे पुनःपुन्हा येतात, हे एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करताना 1978 मध्ये दाखवले होते. 1982 मध्ये त्यांनी आणि जॅक शोस्टाक यांनी ती टोके डीएनएच्या एका सरळ तुकड्याला जोडून तो यीस्टमध्ये सोडला. एरवी असा तुकडा यीस्टमध्ये सुखाने नांदत नाही, हा नांदला. परक्या जीवाचे भरतवाक्य यीस्टने ओळखले! इतकेच नव्हे, तर त्यापुढे आपली स्वतःची अक्षरेही लिहिली. ही अक्षरे लिहिणाऱ्या टेलोमरेजचा माग कॅरोल ग्रायडर यांना 1984 च्या नाताळच्या दिवशी लागला आणि 2009 चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. यीस्टचा मजकूर मात्र टेट्राहायमिनासारखा काटेकोर नाही. एक टी, मग कधी एक, कधी दोन, कधी तीन जी, अशी सुमारे 300 अक्षरे. ओवीच्या चरणांसारखी सैल मोजणी म्हणा ना.

मजकूर असला तरी तो वाचणारे हवेत. लोकप्रिय लेखनात टेलोमिअरला बुटाच्या नाडीच्या टोकावरील प्लास्टिकच्या नळीची उपमा देतात. भाचीला ती मान्य नाही आणि साहित्याचे मास्तर या नात्याने आम्हालाही ती आता फसवी वाटते. नळी एकदा बसवली की बसली. इथे तसे नाही. दुपदरी भागावर रॅप1 नावाच्या प्रथिनाचे पंधरा-वीस रेणू बसतात, त्यांच्या आधाराने रिफ1 आणि रिफ2. त्यांची संख्या पुरेशी असली की टेलोमरेजला अटकाव होतो. टोक झिजून संख्या घटली की वाट मोकळी होते. लांबी मोजण्याची ही रीत 1997 मध्ये मार्कां, जिल्सन आणि शोर यांनी मांडली. अगदी शेवटी एकपदरी शेपूट उरते, तिथे सीडीसी13 बसते. एसटीएन1 आणि टेन1 यांच्या साथीने ते शेपटाजवळचा दुसरा पदर कुरतडला जाऊ देत नाही आणि वेळ आली की टेलोमरेजला बोलावूनही तेच आणते. याहून नवल केयू या प्रथिनाचे. एरवी तुटलेली टोके सांधणाऱ्यांत ते अग्रभागी असते; इथे टोकावर बसते आणि सांधत नाही, उलट राखण करते. नळीच्या उपमेत हे कुठे बसवणार?

भाचीने आपल्या संगणकावर एक छायाचित्र दाखवले. सीडीसी13 मध्ये असा एक दोष असलेले यीस्ट मिळते, की 25 अंशांला पेशी नीट वाढतात आणि 37 अंशांला ते प्रथिन निकामी होते. मग टोकाचा एक पदर आतपर्यंत कुरतडला जातो, पेशी आपल्याच टोकाला 'तुटले' असे वाचते आणि विभागणीच्या ऐन उंबरठ्यावर थबकते. चित्रात सगळीकडे अशा जोडपेशी होत्या, आई आणि कळी जवळजवळ सारख्याच आकाराच्या, मुद्गलासारख्या. "मामा, या मेलेल्या नाहीत. वेळेवर गार केल्या तर पुन्हा चालू लागतात." ही थबकण्याची सूचना देणाऱ्यांत रॅड9 असते. तेही काढून टाकले तर पेशी न थांबता विभागत राहतात आणि लवकर मरतात.

तुटले, संपले आणि थांबले. आमच्या रकान्यात हा तिसरा शब्द नव्हता. लेखनिक दुसऱ्या दिवशी पुढे लिहायचे म्हणूनही थांबला असेल. कोऱ्या जागेचा तोही अर्थ होतो आणि तो सरांनाही सुचला नव्हता.

आता त्या बाडाचे पुढे काय झाले ते. आमच्या छापील शेऱ्यावर विसंबून कोणीतरी आरंभीची पाने नसलेले दुसरे एक बाड शोधले आणि दोन्ही एकत्र शिवून घेतली. त्या जोडबाडाला एकाच कवीची रचना मानून एका विद्यार्थिनीने एम.फिल.चा प्रबंधही लिहिला. भाषा मध्येच का बदलते, याचे स्पष्टीकरण देण्यात तिची दोन प्रकरणे खर्ची पडली. दोष तिचा नव्हता.

भाचीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "शिवण उसवून वेगळी नाही करता येणार?" उसवता येईल. पण बांधणाऱ्याने कडा सारख्या करण्यासाठी दोन्ही बाडे मिळून कातरली आणि समासातले पत्रांक त्या कातरणात गेले.