वजन पाहून, हातात धरून

परसात दहा-पंधरा कोंबड्या असलेल्या घरांत औषधाची एक रीत रुळली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याच्या भांड्यात जंतनाशक ओतायचे आणि सगळ्यांचे जंत गेले असे धरून चालायचे. ही रीत बंदिस्त फार्मावरची. तिथे हजारो पक्षी एका वयाचे आणि जवळपास एका वजनाचे असतात, पाणी एकाच ठिकाणचे पितात आणि एकेकाला हातात घेणे अशक्य असते. परसातल्या खुराड्यात मात्र खुडूक कोंबडी, पिल्ले, तलंगा, सव्वा किलोची गावठी आणि तिच्या दुपटीहून जड गिरिराज कोंबडा एकत्र नांदतात. शिवाय संध्याकाळी सगळे आपापल्या पायांनी परत येतात आणि अंधारात निमूटपणे धरू देतात. फार्मवाल्याला कधीच मिळणार नाही अशी ही सोय आहे, आणि आपण त्याची नक्कल करून ती वाया घालवतो. म्हणून मी आग्रहाने सांगेन, परसातल्या पक्ष्याला जंतनाशक एकेकट्याला, वजन पाहून आणि कशावर देतो आहोत हे ठरवून द्यावे.

पाण्यातली मात्रा बिघडते ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, मे महिन्यात त्याच्या दुप्पटही. पावसाळ्यात ती अंगणातल्या डबक्यात चोच बुडवते आणि भांड्याकडे फिरकतही नाही. कळपात दबून राहणारी, जंतांनी खंगलेली कोंबडी भांड्यापाशी शेवटी पोचते. ज्या पक्ष्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच पोटात ते सर्वांत कमी जाते. त्यात अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. अपुऱ्या मात्रेतून तगलेल्या जंतांची अंडी पुन्हा त्याच मातीत पडतात आणि काही पिढ्यांनी ते औषध लागू पडेनासे होते. यापेक्षा रात्री काट्यावर वजन करून, बिनसुईच्या सिरिंजने, चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने औषध सोडणे कितीतरी खात्रीचे. घाई मात्र नको. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते.

मात्रेच्याही आधी निदान येते, आणि परसात ते बहुधा वगळले जाते. पिसे फुगवून बसलेले, बारीक झालेले पिल्लू दिसले की जंत झाले असे म्हणतात. पण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या शिटेत रक्त असेल तर ती बहुधा रक्ती हगवण असते. ती एकपेशीय परजीवीमुळे होते आणि जंतनाशक तिच्यावर काहीही करत नाही. तिथे अँप्रोलियम लागते, आणि ते पाण्यातूनच द्यावे, कारण आजारी पिल्लू खाणे सोडते तरी पाणी पीत राहते. अँप्रोलियमची घडण बी-१ जीवनसत्त्वासारखी असते; परजीवी त्यालाच भुलतो आणि उपाशी मरतो. त्याच दिवसांत ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स पाजले तर औषधाचा जोर आपणच कमी करतो. जंतांमध्येही सगळे एका औषधाने जात नाहीत. पिपराझिन मोठ्या गोल जंताला लुळा करून बाहेर काढते, पण आतड्याच्या अस्तरात शिरलेल्या त्याच्या अळ्या वाचतात; मुंग्या आणि किडे खाऊन पोटात गेलेल्या चपट्या जंतांना तर ते शिवतही नाही. मानमोडी हा विषाणूचा रोग, त्याला औषधच नाही. तिथे लासोटाची लस वेळेवर देणे हाच उपाय, आणि लसीचे वेळापत्रक काटेकोर पाळायलाच हवे. रोग आल्यावर पाण्यात प्रतिजैविक टाकून कोंबडी वाचत नाही. माणसासाठी राखून ठेवायचे कोलिस्टिन कोंबड्यांना सर्रास दिले जाई, म्हणून २०१९ मध्ये सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

दहा कोंबड्यांसाठी कोण शीट तपासायला नेणार, असे कोणी विचारेल. पण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-शेळीसाठी फेरी होतेच, त्याच फेरीत ताज्या शिटेची पुडी नेता येते. जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि औषध नेमके कोणते हे ठरते. जंतनाशकाच्या ठरावीक वेळापत्रकाच्या बाजूनेही एक खरे कारण आहे. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना गोल जंत फार लवकर पोखरतात, त्यांच्यासाठी पावसाळ्यात आणि लसीच्या आठवडाभर आधी ठरवून जंतनाशक देणे मला मान्य आहे. अंगावर मांस असलेल्या, नियमित अंडी घालणाऱ्या मोठ्या कोंबडीच्या अंगी बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते, तिला उगाच डोस कशाला? वावडिंग आणि पळसपापडीचा दाखला देणाऱ्यांशी माझे भांडण नाही. या दोन्ही वस्तू जंतांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. पण सव्वा किलोच्या पक्ष्याला किती, हे चिमटीने ठरते, म्हणून खंगलेल्या पक्ष्याचा जीव त्यांच्यावर सोडू नये.

औषध पोटातला जंत काढते, मातीतली अंडी तशीच राहतात. ओलसर, सावलीच्या जागी ती महिनोन्‌महिने जिवंत असतात, आणि गांडूळही ती पोटात घेऊन फिरते. कोकणातल्या पावसात खुराड्याची जमीन वाळतच नाही. तिथे जमिनीपासून उचललेले खुराडे, खाली पडलेली शीट रोज झाडून दूर नेणे आणि पिल्लांना उकिरड्यापासून लांब ठेवणे, याला मी बाटलीइतकेच महत्त्व देतो. मराठवाड्याच्या उन्हात हे काम बरेचसे आपोआप होते.

राहिला अंड्यांचा प्रश्न. अंड्याचे कवच एका दिवसात चढते, पण आतला बलक सुमारे दहा दिवस भरत असतो. आज दिलेल्या औषधाचा अंश पुढच्या आठवड्यातल्या अंड्यातही उतरू शकतो. बाटलीवर अंडी किती दिवस वापरू नयेत हे लिहिलेले असेल तर ते दिवस मोजावेत. लिहिलेले नसेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय अंडी घालणाऱ्या कोंबडीला ते औषध देऊ नये. एकेकीला औषध देण्याचा इथे आणखी एक फायदा होतो. औषध दिलेल्या दोन कोंबड्यांच्या पायात दोरा बांधून त्यांना तेवढे दिवस वेगळ्या डालग्यात ठेवले की बाकीच्यांची अंडी निर्धास्त वापरता येतात. शेजारी गावठी अंड्याला जास्त पैसे मोजतात ते त्यात औषध नाही या भरवशावर, आणि त्या दोघींची अंडी त्यांच्या टोपलीत जाता कामा नयेत.