स्वस्तांतली मोटार

आमच्या घरीं कोणी नवा पाहुणा आला आणि त्याला घेऊन बाहेर जाण्याचा योग आला, कीं मी मोटारीची किल्ली त्याच्या हातांत ठेवतों आणि म्हणतों, “चालू करून दाखवा पाहूं!” पाहुणा स्टिअरिंगच्या उजवीकडे पाहतो, डावीकडे पाहतो, वांकून खालीं चांचपतो, आणि अखेरीस कांहींशा अपराधी मुद्रेनें माझ्याकडे वळतो. मग मी दोन बैठकींच्या मध्यें, गीअरच्या दांड्यापाशीं असलेलें किल्लीचें भोंक त्याला दाखवितों. हा खेळ मीं आजवर पन्नास वेळां तरी केला असेल. सौभाग्यवती पहिल्या दोन-तीन वेळां हंसल्या. हल्लीं त्या वरच्या खिडकींतून नुसत्या पाहतात.

ही मोटार म्हणजे १९९१ सालची साब ९००. नोकरीनिमित्त मी स्वीडनमध्यें गोथेनबर्ग शहरीं येऊन राहिलों, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे २०१२ सालीं, मीं ती ९,००० क्रोनरांना विकत घेतली. तेवढ्या पैशांत येथें एखादी चांगलीशी सायकल येते! इतकी स्वस्त कां, असें कोणीही विचारील. एक तर ती एकवीस वर्षांची होती. आणि दुसरें म्हणजे साब मोटारींची कंपनी आदल्याच डिसेंबरांत दिवाळखोरींत निघाली होती. ज्या घराण्याचें दिवाळें वाजलें, त्याच्याशीं सोयरीक कोण करणार? जाहिरातींत ‘एकतीस हजार मैल चाललेली’ असें वाचून मला आनंदाचें भरतें आलें होतें. पण विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांनीं मला शांतपणें समजावून दिलें कीं, स्वीडनमधला मैल हा दहा किलोमीटरांचा असतो! म्हणजे गाडी तीन लाख दहा हजार किलोमीटर धांवली होती. एवढें ऐकूनही मीं पैसे मोजले, यावरून माझी अवस्था वाचकांच्या ध्यानीं येईल.

माझा बचाव एवढाच कीं, या गाडीचा प्रत्येक विक्षिप्तपणा सकारण आहे. किल्ली खालीं कां? तर अपघातांत चालकाचा गुडघा तिच्यावर आपटूं नये म्हणून. शिवाय गाडी उलट्या गीअरमध्यें टाकल्यावांचून किल्ली बाहेर निघत नाहीं, आणि काढली म्हणजे गीअरलाच कुलूप बसतें. स्टिअरिंग अडकण्याची भीति नाहीं आणि चोरालाही पायबंद. बॉनेट आधीं पुढें सरकतें आणि मग नाकाकडे उघडतें. एंजिन उलटें बसविलेलें आहे. त्याचा क्लच पुढें रेडिएटरच्या लगत येतो, त्यामुळें तो बदलावयाचा झाल्यास एंजिन उतरवावें लागत नाहीं. पुढची कांच विमानाच्या कांचेसारखी वळलेली. येथल्या अरण्यांतून एल्क नांवाचें, घोड्याहून थोराड असें सांबराच्या जातीचें जनावर रस्त्यावर येतें. तें टपावर कोसळलें तरी आंतला माणूस वांचावा, म्हणून कांचेच्या बाजूचे खांब भक्कम केलेले. दुसऱ्या मोटारी पाहाव्या तर त्या एकमेकींच्या नकला वाटतात. हिच्यापाशीं बसलें, कीं कोणीतरी प्रत्येक गोष्टीचा मुळापासून विचार केला होता, हें जाणवतें.

याचें कारण असें कीं, ही मंडळी मूळचीं मोटारवालीं नव्हेतच. साब ही १९३७ सालीं स्थापन झालेली विमानांची कंपनी. महायुद्ध संपत आलें, विमानांची मागणी घटणार असें दिसूं लागलें, तेव्हां ती मोटारीकडे वळली, आणि डिसेंबर १९४९ मध्यें ट्रोलहेटन येथें तिच्या पहिल्या मोटारीचें, साब ९२ चें, उत्पादन सुरू झालें. ती आंखणाऱ्या सोळा जणांपैकीं अवघ्या दोघांपाशीं मोटार हांकण्याचा परवाना होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, गाडीकडे पाहून पटते खरी!

आतां दोष. ते झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं, कारण या गाडीच्या भक्तांनींच ते चवीचवीनें सांगितलेले आहेत. गीअरबॉक्स एंजिनाच्या खालीं दडपलेला. तो नाजूक, आणि त्याची दुरुस्ती गाडीच्या किमतीहून महाग. किल्लीच्या भोंकांत पावाचे कण आणि कॉफीचे थेंब जातात. टपाच्या आंतलें कापड वयपरत्वें सुटतें आणि मांडवाच्या झालरीसारखें डोक्यावर लोंबूं लागतें. दुसरें स्वीडिश घराणें व्हॉल्व्होचें, वयानें वडील, १९२७ सालचें. तेथेंही तीच तऱ्हा. १९७४ पासून १९९३ पर्यंत निघालेली त्यांची २४० ही चौकोनी गाडी एंजिनाच्या बाबतींत चिरंजीव समजतात. पण मैलमापकांतलें एक चिमुकलें दांतेरी चक्र मोडतें आणि गाडीचें वय कायमचें गोठतें! तिचा ऊब देणारा पंखा तर असा खोल पुरलेला, कीं तो बदलावयास अख्खा दिवस मोडतो. ज्यांनीं माणसाच्या गुडघ्याची आणि मणक्याची एवढी काळजी केली, त्यांनीं दुरुस्ती करणाऱ्याच्या बोटांची थोडी करावयास नको होती काय?

पण हे झाले गाडीचे दोष. गाडीवर लुब्ध झालेल्या माणसाचे निराळेच असतात.

२०१३ च्या ऑक्टोबरांत मेकॅनिकनें मला बजावलें, कीं थंड पाण्याची रबरी नळी कुजत आली आहे, ती बदला. खर्च सहाशें क्रोनर. त्याच आठवड्यांत मला या गाडीचा अस्सल, मूळचा रेडिओ सातशें क्रोनरांत मिळत होता. मीं रेडिओ घेतला. नळी काय, महिनाभर थांबेल!

त्या नोव्हेंबरांत आम्हांला मुलगी झाली, आणि नातीचें तोंड पाहावयास पुण्याहून आई आणि अण्णा आले. अण्णांनीं बावीस वर्षें एकच फियाट चालविली होती; माझा नाद त्यांना लगेच कळला. डिसेंबरांतल्या एका सकाळीं मीं दोघांना ट्रोलहेटनचें साब मोटारींचें संग्रहालय दाखवावयास नेलें. निघतांना अण्णांनीं विचारलें, “पाणी पाहिलंस का रे?” मीं हंसून म्हटलें, “अण्णा, इथं तसं रोज पाहावं लागत नाहीं.”

संग्रहालयांत अण्णा त्या पहिल्यावहिल्या नमुन्याच्या मोटारीपाशीं किती तरी वेळ उभे होते. आई बांकावर शाल गुंडाळून बसली होती. साडेचारला निघालों तेव्हां मिट्ट काळोख झाला होता. निम्म्या वाटेवर उष्णतेचा कांटा वर चढला, बॉनेटखालून वाफ येऊं लागली, आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली. नळी फाटली होती. पाणी गेलें, त्याबरोबर गाडींतली ऊबही गेली. बाहेर शून्याखालीं सात अंश. ओढून नेणारी गाडी यावयास दीड तास होता. मीं माझा ओव्हरकोट आईच्या पायांवर टाकला. ती “मला कांहीं होत नाहीं” असें म्हणत होती, आणि तिचे दांत वाजत होते.

वीस मिनिटांनीं एक जुनी व्हॉल्व्हो २४० थांबली. आंतल्या माणसानें फारशी विचारपूस न करतां दोघांना बसवून पुढच्या पेट्रोल पंपावर नेलें. रात्रीं आई भाबडेपणानें म्हणाली, “त्या गाडींत किती छान ऊब होती हो!”

सौभाग्यवतींनीं मात्र पाळण्याकडे पाहत एकच प्रश्न विचारला : “आज चिमी गाडींत असती तर?” मजपाशीं उत्तर नव्हतें.

सकाळीं चहा घेतांना अण्णा म्हणाले, “केवढ्याची होती ती नळी?”

“सहाशें.”

“आणि रेडिओ?”

“सातशें.”

त्यांनीं बशी खालीं ठेवली आणि वर्तमानपत्र उघडलें. त्यांनीं रागावावें असें मला फार वाटत होतें.

नळी त्याच आठवड्यांत बदलली. जानेवारींत सौभाग्यवतींनीं हप्त्यांवर एक नवी जपानी मोटार घेतली. तिला किल्ली लावावीच लागत नाहीं, बटन दाबलें कीं झालें. साब विका, असें त्या कधींही म्हणाल्या नाहींत. चिमी तींत पहिल्यांदा बसली ती चार वर्षांची झाल्यावर.

त्याच वर्षीं, २०१७ च्या उन्हाळ्यांत, आई-अण्णा पुन्हा आले होते. सहलीला निघावयाच्या सकाळीं मी खालीं उतरलों तों अण्णा सपाता घालून गाडीपाशीं उभे. बॉनेट नेहमीसारखें वर ओढून पाहत होते, तें उघडेना. मीं तें पुढें सरकवून दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून पाण्याची पातळी पाहिली, नव्या नळीवरून एकदां बोट फिरविलें, आणि मुकाट्यानें येऊन माझ्या शेजारीं बसले.

आई सुनेच्या गाडींतून आली.