घाट सोडा, माळ धरा!

चढ नाही, धबधबा नाही, सेल्फी पॉइंट तर नाहीच. तरीही पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानावर एकदा सायकल घालाच... मात्र वाट सोडून नाही!

पुण्यातला कुठलाही सायकलवाला घ्या, त्याचा रविवार ठरलेला असतो. पहाटे साडेपाचला घराबाहेर, सिंहगड नाहीतर बोपदेवचा घाट, वर पोहोचल्यावर कांदाभजी, दोन-चार फोटो आणि अकराच्या आत घरी. चढ जितका अवघड, तितका सोमवारी ऑफिसात भाव जास्त! दौंड, बारामती, इंदापूर ही नावं या यादीत कधीच नसतात. ‘तिकडे काय आहे? सगळं सपाट!’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

पण मंडळी, सायकलच्या जगात सध्या याच सपाट, कच्च्या रस्त्यांची चलती आहे. ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात त्याला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्सच्या गवताळ मुलखात २००६ मध्ये दोनशे मैलांची एक कच्च्या रस्त्यांवरची शर्यत सुरू झाली. आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ती जगभरातल्या सायकलवाल्यांना खेचून घेते. २०२२ पासून तर ग्रॅव्हलची अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिपही भरते. लोक विमानाने जाऊन गवतात सायकल चालवतात आणि आपल्याकडे तसलंच गवत सोलापूर हायवेच्या कडेला आहे!

ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम

ग्रॅव्हल बाइक दिसायला रोड बाइकसारखीच. वाकडं हॅण्डल, डिस्क ब्रेक. फरक टायरमध्ये. रोड बाइकचा टायर बोटाएवढा, तर हिचा साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद. हवा कमी ठेवायची, म्हणजे खडी-खड्डे टायरच गिळतो आणि तुमची कंबर वाचते. वेगळी बाइक घ्यायलाच हवी असं मात्र मुळीच नाही. जाड टायरची हायब्रिड किंवा एमटीबी असेल तरी काम भागतं.

रस्ता कसा हवा? मुरमाचा. मुरमात पाणी मुरतं, त्यामुळे पाऊस थांबून दोन दिवस झाले की चाक मस्त पळतं. काळ्या मातीचं मात्र नाव काढू नका! ओली काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. म्हणून सीझन ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस संपलेला, गवत सोनेरी झालेलं, ऊन अजून अंगावर न आलेलं.

सुपे : पहिली राइड

सुरुवात सुप्यापासून करा. सोलापूर हायवेवर चौफुल्याला उजवीकडे वळलं की सुप्याचा रस्ता लागतो. सायकल गाडीवर टाकून इथपर्यंत आलात तरी कोणी हसणार नाही. हायवेवरच्या ट्रकांशी शर्यत लावण्यात काही शौर्य नाही.

सुप्याजवळ आहे मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. नाव मोरगावच्या मयूरेश्वराचं, पण इथला हिरो आहे चिंकारा. बदामी रंग, सडपातळ पाय, सतत हलणारी शेपटी. पहिल्यांदा तो दिसतच नाही, कारण तो गवताच्याच रंगाचा असतो. मग एक दिसतो आणि डोळा सरावला की त्याच्या आजूबाजूला आणखी तीन-चार उभे असतात. सायकल आत न्यायची की बाहेर ठेवायची, हे आधी गेटवर विचारा. तिथून आडवाटांनी मोरगाव गाठायचं, दर्शन घ्यायचं, मिसळ हाणायची आणि परत. पहिल्या वेळेला एवढं पुरे.

शिर्सुफळ, कडबनवाडी आणि उजनी

पाय मोकळे झाले की पुढचा टप्पा उंडवडी, शिर्सुफळ आणि तिथून इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी. हा खरा माळ. नजर जाईल तिथपर्यंत गवत, मधूनच एखादी बाभूळ आणि वर भलंमोठं आकाश. थंडीत दूरदेशाहून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. पायाशी चंडोल, लांबवर टिटवी. खोकड, तरस आणि नशीब जोरावर असेल तर लांडगा.

हो, लांडगाच! वाघासाठी आपण ताडोबाला जातो, पण वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण असलेला हा प्राणी आपल्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर राहतो, हे किती जणांना माहीत असतं? त्याच माळावर धनगरांच्या मेंढ्या चरतात. लांडगा अधूनमधून एखादं कोकरू उचलतो, धनगर चिडतात, कुत्री सोडतात आणि पुढच्या वर्षी दोघंही पुन्हा त्याच माळावर असतात.

तिसरा टप्पा भिगवण. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याच्या काठावर कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. काठाकाठाच्या वाटेवर एका हाताला ऊस आणि दुसऱ्या हाताला गुलाबी पंख! राइडनंतर कुंभारगावात चिलापीचं कालवण आणि भाकरी. डाएट सोमवारपासून.

पडीक? कोणाच्या हिशोबात?

या भागात फिरताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. सुप्याच्या पुढे एका टपरीवर चहा पिताना मलाही ऐकवलं गेलं, ‘काय ताई, रस्ता चुकला का? हितं काय बी न्हाई बघण्यासारखं.’ बोलणारे आजोबा प्रेमाने बोलत होते. पण हेच वाक्य सरकारी कागदावर गेलं की त्याचं ‘पडीक जमीन’ होतं आणि तिथे खरी गोची आहे.

झाडं नाहीत म्हणजे जंगल नाही, जंगल नाही म्हणजे जमीन रिकामी, असा आपला सरळ हिशोब. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला. मग रिकाम्या जागेवर कधी वृक्षारोपण होतं, कधी प्लॉट पडतात, कधी पाणी पोहोचलं की ऊस उभा राहतो. यातलं प्रत्येक काम करणाऱ्याला वाटतं, आपण चांगलंच करतोय. पण चिंकाऱ्याला आणि लांडग्याला झाडी नको असते, त्यांना उघडा माळ लागतो.

याचा शेवट कसा होतो ते सोलापूरजवळच्या नान्नजला कळतं. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. ज्याच्या नावातच माळ आहे, असा हा रुबाबदार पक्षी. आज महाराष्ट्रात तो दिसणं जवळपास अशक्यच झालंय. माळ गेला, पक्षी गेला.

आता म्हणाल, यात आम्ही सायकलवाले कुठे आलो? आलो ना! धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी घरटी झाडावर नाही, जमिनीवर करतात. अंडी अगदी मुरमाच्या रंगाची. फोटोसाठी वाट सोडून गवतात घातलेलं एक चाक पुरतं. दुसरी गोष्ट खाऊची. आपण टाकलेल्या पाकिटांवर भटकी कुत्री पोसली जातात. ती चिंकाऱ्याच्या मागे लागतात, लांडग्यांना रोग देतात. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर पुणे जिल्ह्यात झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्धही झालंय. म्हणजे आपला उरलेला वडापावसुद्धा लांडग्याच्या मुळावर येऊ शकतो!

घाटात सायकल चालवताना नजर पुढच्या वळणावर असते, माळावर मात्र ती चारी बाजूंना फिरते. वेग आपोआप कमी होतो आणि ‘इथे काही नाही’ म्हणता म्हणता एकेक गोष्ट दिसायला लागते. ती पाहिलेली माणसं जितकी वाढतील, तितकं या जमिनीला पडीक म्हणणं अवघड जाईल. येत्या रविवारी सिंहगडाला सुट्टी द्या. तो कुठे पळून जात नाही. माळाची मात्र तशी गॅरंटी नाही.

निघण्याआधी...

- बैलगाडीची किंवा गाडीची जुनी चाकोरी असेल तिथेच चाक घाला. नवी वाट पाडू नका.
- कडबनवाडी आणि शिर्सुफळला पुणे वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. वनक्षेत्रात शिरण्याआधी परवानगीची चौकशी करा.
- बाभळीचे काटे ट्यूबला सोडत नाहीत. ट्यूबलेस टायर किंवा दोन जादा ट्यूब आणि पंप हवाच.
- धनगरांच्या वाड्याजवळ कुत्री धावून आली तर पळू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा, हाक मारा. मालक येतो.
- पाणी किमान तीन लिटर. माळावर सावली नसते.
- गवत वाळलेलं असतं. सिगारेट, शेकोटी बंद.
- रिकामी पाकिटं, उरलेलं खाणं सगळं परत घरी.