मैना काय म्हणाली

लालबागची चाळ पाडायला घेतलीय, बघायची असेल तर याच आठवड्यात ये, असा चुलतभावाचा फोन आला आणि मी गेले. तिथं आमच्या मालकीचं काहीच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली गावकीची होती. चंदगड तालुक्यातल्या एकाच गावचे चौदा पुरुष, दहा बाय बाराची खोली, तीन पाळ्या. एक पाळी गिरणीत गेली की दुसरी येऊन वळकट्या उलगडायची. बाबा १९५७ साली त्या खोलीत आले आणि १९८३ साली तिथून उठले.

मी पोचले तेव्हा चाळीची पुढची भिंत उतरवलेली होती. खोल्या रस्त्यावरून उघड्या दिसत होत्या, प्रत्येकीचा रंग निराळा. आमची निळी. त्या निळ्या भिंतीवर खालच्या बाजूला एक मोठा चौकोन कोरा होता. तिथं ट्रंका असायच्या, एकावर एक रचलेल्या. दर दिवाळीला खोलीला रंग लागायचा, पण ट्रंका हलवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांच्यामागची भिंत तशीच राहिलेली. सव्वीस वर्षं बाबांची ट्रंक त्या चौकोनात होती. खालून दुसरी, कुलपाला सुतळी बांधलेली. मी बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत उभी होते. आजूबाजूला काय काय उभं राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मी लिहीत नाही.

मला तिथं एक गाणं आठवत होतं, आणि त्या गाण्याबद्दलची एक जुनी रुखरुख.

मे १९७७. मी दहा वर्षांची. आईच्या पोटात गाठ निघाली, म्हणून तिला परळच्या इस्पितळात दाखवायला बाबांनी आम्हाला मुंबईला आणलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि आई पहिल्यांदा मुंबई बघत होती. गावकीच्या खोलीत बायकांना राहता येत नसे. समोरच्या मालवणी काकींनी त्यांच्या खोलीत आम्हा दोघींना जागा दिली. बाबा आमच्यापासून सहा हातांवर राहत होते आणि जेवायला खाणावळीत जात होते. आई रोज संध्याकाळी दारात बसून त्यांची वाट बघायची, गावी बसायची तशीच.

एका रविवारी दुपारी गॅलरीत बैठक जमली. शेजारच्या खोलीत वाळवा तालुक्यातले एक साचेवाले होते. त्यांनी तरुणपणी कामगार मैदानात शाहिरांना समोर बसून ऐकलं होतं. अण्णा भाऊ साठे त्यांच्याच तालुक्यातले, वाटेगावचे, याचा त्यांना फार अभिमान. “पठ्ठे बापूरावही आमच्याच तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे,” हेही ते लगेच जोडून सांगायचे. दोघांनीही मुंबईवर लावणी लिहिली. अण्णा भाऊंच्या लावणीत मलबार हिल आणि परळ एकाच शहरात समोरासमोर उभे राहतात, आणि परळवाल्यांना ती ऐकताना आपलं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतल्यासारखं वाटायचं. पण त्या दुपारी साचेवाल्यांनी लावणी घेतली नाही. त्यांनी एक ट्रंक आडवी घातली, तिच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरला आणि अण्णा भाऊंचीच ‘माझी मैना’ ही छक्कड उचलली.

हे गाणं ज्यांना माहीत आहे त्यांना त्याची करामत सांगायला नको. सुरुवातीला ती साधी ताटातूट आहे. गरिबीपायी नवरा मुंबईला निघतो, पहाटे भाकरी बांधली जाते, बायको त्याला गावाच्या वेशीपर्यंत घालवायला येते, तो तिला दागिन्यांची वचनं देतो. मग तो मुंबईत येतो आणि गाणं हळूच वळतं. गावाकडं राहिलेली मैना महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होऊन जाते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे गाणं सभेसभेतून का पेटत गेलं असेल ते कळतं. ऐकणाऱ्या गिरणी कामगारांतल्या बहुतेकांची बायको खरोखरच गावावर होती. प्रांताचं दुःख त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. बेळगावचं नाव आलं तसं तिचं बोट सुपात थांबलं.

आईचं माहेर बेळगाव तालुक्यातलं, मार्कंडेय नदीच्या काठचं. सासर चंदगडचं. तिच्या लहानपणी दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती, बेळगाव जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. माहेर आणि सासर यांच्यामध्ये राज्याची हद्द आली. लुगडं घ्यायचं तर बेळगाव, डॉक्टर बेळगावचा, बाजार बेळगावचा, यात काही बदललं नाही. पण मामाच्या शेताचा उतारा कानडीत आला आणि तो वाचून घ्यायला मामाला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं. आई ही गोष्ट सांगताना नेहमी आवाज खाली करायची, भावाची काही चूक झाल्यासारखा. १९६० च्या १ मेला राज्य झालं, शाळेत पेढे वाटले, पण तिच्या माहेरी ते पोचले नाहीत. महाजन आयोग आला, त्याचा अहवाल आला, आणि हद्द जिथं होती तिथंच राहिली.

तेव्हा त्या गाण्यातली दोन्ही दुःखं एकट्या तिच्या वाट्याची होती. ती गावावर राहिलेली मैना होती आणि तिचं माहेर गाण्यातलं बेळगाव होतं. त्या गॅलरीत हे गाणं तिच्याइतकं कुणाचंच नव्हतं.

गाणं संपलं. वाहवा झाली. बाबाही कोरसमध्ये होते, त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोकळा ऐकला होता. आईनं सूप बाजूला ठेवलं आणि साचेवाल्यांना विचारलं, “दादा, त्या मैनेचं नाव काय हो?”

ते गोंधळले. मैनाच की, म्हणाले.

“आणि ती काय म्हणाली? तो निघाला तेव्हा. ते नाही का गाण्यात?”

कुणीतरी हसलं. बाबा म्हणाले, “अगं, गाणं हाय ते.” आईनं मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतला. इतकंच झालं. पण मी तिचा चेहरा बघत होते. गाणं खोटं आहे असं तिला म्हणायचं नव्हतं. तिला फक्त पुढचं हवं होतं.

बाबांचा मला तेव्हा राग आला आणि तो पुष्कळ वर्षं पुरला. दर महिन्याची मनिऑर्डर, गणपतीला दहा दिवस, शिमग्याला जमलं तर, एवढा नवरा आईला मिळाला. चौदाजणांच्या खोलीत बाबांनी तिला कुठं ठेवायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं की ते मैनेवर गातात आणि मैनेकडं बघत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. दीड वर्ष बाबा वाट बघत राहिले आणि मग ट्रंक घेऊन गावी परतले. परतल्यावर त्यांनी ती छक्कड कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. कदाचित आता मैना समोर होती, आणि तिच्याशी बोलायची सवय राहिली नव्हती.

पुढं मी शिक्षिका झाले. प्रांताची गाणी मुलांना शिकवणं माझ्या कामातच होतं. गोविंदाग्रजांचं, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं, आणि राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’. श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज लाभलेलं हे गीत २०२३ च्या शिवजयंतीपासून आपलं राज्यगीत आहे. माझं त्यावर मनापासून प्रेम आहे. शाळेच्या पटांगणात पाचशे मुलं ते उचलतात तेव्हा अंगावर काटा येतो. त्यात नर्मदेपासून गोदावरीपर्यंत नद्यांची नावं आहेत. शहराचं नाव मात्र एकच आहे, आणि ते दिल्लीचं. आईची मार्कंडेय त्यात नाही, बाबांची ताम्रपर्णीही नाही. सगळ्या नद्या एका गाण्यात मावणार नाहीत हे मला समजतं. तरी शिकवताना त्या ओळीशी मी मनातल्या मनात दोन नावं जोडते.

आणि आईचं गाणं? ते होतं. पहाटे साडेतीनला ती जात्यावर नाचणा दळायला बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, म्हणजे डोळे मिटून ऐकायची. वैरण घातली की ओवी, पुन्हा वैरण, पुन्हा ओवी. तिच्या ओव्यांत मुंबई यायची. गिरणीचा भोंगा तिनं तोवर ऐकला नव्हता तरी तो यायचा. बेळगावचा भाऊ यायचा, वाटेवरची शिनोळी यायची. बाबांना जे तोंडावर कधी म्हणाली नाही ते ती दगडाला सांगायची. मैना काय म्हणाली ते सगळं त्या पहाटे म्हटलं जात होतं, आणि बाबा तेव्हा रातपाळीवर होते.

मग गावात पिठाची गिरणी आली. आईचे खांदे सुटले, हाताचे घट्टे गेले, याचा मला आनंदच झाला. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. जात्याशिवाय ओवी सुचत नाही गं, असं ती म्हणायची. कापडाच्या गिरणीनं तिचा नवरा नेला होता, पिठाच्या गिरणीनं ओव्या नेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे मला कळलं तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या संग्रहात मी रात्र-रात्र शोधते. मुंबई सापडते, गिरणी सापडते. आमची वाट अजून सापडलेली नाही. चूक माझीच आहे. मी शिकलेली होते, घरात वही होती, पेन होतं, आई बोलायला तयार होती, आणि मी शाहिरांची गाणी उतरवून घेत बसले होते.

चाळीखाली उभी असताना तिथल्या कामगारानं विचारलं, मावशी, वर काही राहिलंय का तुमचं? मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो निळा मजलाही उतरला.

आईची अर्धी ओवी माझ्याजवळ आहे. मुंबईच्या वाटेवर ती सुरू होते आणि बेळगावच्या आधी मला तुटते. तुमच्या घरात जात्यावर बसलेली कुणी म्हातारी अजून असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुझ्या ओवीत कुठली कुठली गावं होती. आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.