शब्दाचं पक्कं

दिसायला अगदी साधं. पातळ पुठ्ठ्याचं, प्लास्टिकच्या कव्हरातलं, कपाटाच्या लॉकरमध्ये रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांशेजारी पडून असलेलं. शेअर बाजार दिवसभर बोलत असतो. पीपीएफचं, म्हणजे पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचं, पासबुक वर्षातून एकदाच तोंड उघडतं. ३१ मार्चला व्याजाची एक ओळ, आणि पुन्हा वर्षभर गप्प.

जन्म १९६८चा. नोकरदाराला प्रॉव्हिडंट फंड होता. शिंप्याला, किराणा दुकानदाराला, वकिलाला म्हातारपणासाठी तसं काही नव्हतं. त्यांच्यासाठीही हे दार उघडलं. वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं आणि दीड लाखाच्या वर ते घेत नाही. जोडखातं त्याला चालत नाही. मालक एकच, वारस म्हणून नाव मात्र लावून ठेवता येतं.

तारखेच्या बाबतीत मोठं कडक. महिन्याच्या ५ तारखेनंतर ते अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतं. सहा तारखेला भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं व्याज बुडालं, गयावया करून उपयोग नाही. जाणती माणसं म्हणून वर्षाचे पैसे ५ एप्रिलच्या आतच भरून टाकतात. मुदतीचंही तसंच. पंधरा वर्षं म्हणतं, पण मोजायला लागतं ते खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून. ऑगस्ट २०१०मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०२६ला पिकतं.

या हट्टाचा उपयोग मी आमच्या गल्लीत पाहिला. ब्लाउज शिवणाऱ्या एका काकू दर महिन्याला हजार रुपये पोस्टात भरायच्या. दुसऱ्याच वर्षी धाकट्या दिराला रिक्षा घ्यायची होती.

“वहिनी, तुमच्याकडे साठलेत ना? सहा महिन्यांत परत करतो.”

“अहो भाऊजी, ते आत्ता निघतच नाहीत. पोस्टात विचारून या हवं तर.”

दीर विचारून आले आणि विषय संपला. रागावायला समोर माणूसच नव्हतं, नियम होता. आपल्याकडे बाईच्या शिलकीवर पहिला हक्क घरातल्या प्रत्येक अडचणीचा असतो आणि नाही म्हटलं की वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. काकूंच्या तोंडून कधीच न निघालेलं ‘नाही’ त्या पासबुकाने त्यांच्या वतीने म्हटलं. या खात्याची मला सर्वांत मोठी वाटणारी किंमत हीच. त्यातली रक्कम खातेदाराच्या देण्यापोटी कोर्टाच्या हुकमानेही जप्त होत नाही.

तरी ते दगड नव्हे. तिसऱ्या वर्षापासून शिलकीवर थोडं कर्ज देतं, सातव्या वर्षापासून काही रक्कम काढू देतं. गंभीर आजारपण किंवा उच्च शिक्षण असेल, तर पाच वर्षांनंतर खातं बंदही करता येतं. व्याज मात्र एक टक्का कमी धरलं जातं.

चक्रवाढ म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा या पासबुकात लवकर कळतं. दर एप्रिलच्या सुरुवातीला १२,००० रुपये भरले आणि दर ७.१ टक्केच राहिला असं धरू. पहिल्या वर्षीचं व्याज ८५२ रुपये, बघूनही समाधान होत नाही असं. दहाव्या वर्षी ते ११,८०० च्या पुढे जातं. अकराव्या वर्षी भरलेल्या पैशापेक्षा व्याज जास्त होतं. पंधराव्या वर्षी एकट्या व्याजाची ओळ साडेएकवीस हजारांची असते. भरले १,८०,०००, खात्यात दिसतात सव्वातीन लाख. पहिल्या वर्षांत कंटाळून हात आखडणाऱ्याला ही शेवटची पानं दिसतच नाहीत.

दोषही सांगायलाच हवेत. १९८६पासून २००० सालच्या सुरुवातीपर्यंत ते १२ टक्के देत होतं. एप्रिल २०२०पासून ७.१वर आहे. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तो कायमचा नाही. महागाई वाढली की खरी कमाई थोडीच उरते. म्हणून तरुण माणसाने सगळे पैसे इथेच कोंडू नयेत. लांबच्या उद्दिष्टांसाठी इंडेक्स फंडासारखं काही जोडीला असावं. दवाखान्याचा अचानक खर्च आणि दोन वर्षांनी भरायची फी, हे पैसे बँकेत हाताशीच हवेत. भरलेल्या रकमेवरची करसवलत आता जुन्या करप्रणालीतच मिळते. व्याज मात्र जुन्या-नव्या दोन्हीकडे करमुक्त आहे.

पंधरा वर्षं सरली तरी ते घाईने निरोप देत नाही. पैसे काढा, वर्षाच्या आत अर्ज देऊन आणखी पाच वर्षं भरत राहा, किंवा काही न भरता तसेच ठेवा; व्याज चालूच राहतं. ज्याला शेअरमधलं कळत नाही, महिन्याला हजारच बाजूला पडतात आणि आपल्या माणसांना नाही म्हणताना जीभ अडखळते, त्याने पोस्टात जाऊन हे खातं आजच उघडावं. आणि पुढच्या महिन्यापासून पाच तारीख चुकवू नये.